रेल्वेचं काम आणि शेजारची मत्स्यबीज हॅचरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पनवेल–कर्जत नवा मार्ग, विरार–डहाणू चौपदरीकरण, मुंबई–अहमदाबाद जलदगती मार्ग. मुंबईच्या आसपास या कामांच्या कडेला असलेल्या हॅचरीवाल्यांकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः रोहू, कटला, मृगळ या कार्प माशांच्या सर्क्युलर हॅचरीसाठी (गोल टाकीत पाणी फिरतं ठेवून अंडी उबवणारी) आहेत. सायप्रिनस (कॉमन कार्प), शोभिवंत मासे आणि कोळंबीसाठी प्रश्न १२ पाहा.

१. रेल्वेच्या कामाचा हॅचरीला नेमका धोका कशाचा?

बहुतेकांना पहिली भीती हादऱ्याची वाटते. आमच्या मते तो यादीत खाली येतो. सगळ्यात वर गढूळ पाणी, मग सिमेंटचं पाणी, मग वीज जाणं, त्यानंतर विहिरीची पातळी उतरणं आणि डिझेल. हादऱ्याचा नंबर यांच्याही मागे. ब्लास्टिंग मात्र याला अपवाद आहे (प्रश्न ५). हादरा जाणवतो म्हणून त्याची तक्रार होते. सिमेंटचं पाणी गढूळ दिसेलच असं नाही, म्हणून ते टाकीत शिरेपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही.

२. रूळ किती लांब असला म्हणजे काळजी नको?

सरळ रेषेतलं अंतर इथे उपयोगाचं नाही, पाण्याची वाट मोजा. तुमच्या नाल्याच्या वरच्या अंगाला ८०० मीटरवर चाललेलं काम हे खालच्या अंगाला ५० मीटरवर चाललेल्या कामापेक्षा जास्त त्रासदायक ठरतं. नकाशावर भरवसा ठेवू नका. पहिल्या जोरदार पावसात छत्री घेऊन साइटपासून आपल्या इनटेकपर्यंत (हॅचरीत पाणी आत घेता त्या तोंडापर्यंत) चालत या. मुरमाचं तांबडं पाणी कुठून वळतं, शेताच्या बांधावरून की रस्त्याच्या गटारातून, ते त्याच दिवशी कळतं. शक्य असेल तर ही फेरी काम सुरू होण्याआधीच्या पावसाळ्यात मारा.

३. काम सुरू व्हायच्या आधी काय करून ठेवायचं?

नोंदी. पुढे वाद झाला तर याच नोंदींवर सगळं उभं राहतं.

विहीर आणि बोअरची पातळी आठवड्यातून एकदा, त्यातही एप्रिल-मे चुकवू नका. पाण्याचा सामू (पीएच), विरघळलेला ऑक्सिजन, अमोनिया, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) आणि गढूळपणा महिन्यातून एकदा स्वतः मोजा. हंगामाच्या आधी आणि मध्ये एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. प्रत्येक बॅचची अंडी किती, उबवणीची टक्केवारी किती, जिरे (अंड्यांतून निघालेली अगदी लहान पिल्लं) किती विकले, हे पावत्यांसह लिहून ठेवा. टाक्या, ओव्हरहेड टाकी आणि पाइपांचे फोटो तारखेसह काढा; आधीपासून असलेल्या भेगा लपवू नका, त्याही फोटोत येऊ द्या. म्हणजे नव्या भेगा नव्या म्हणून दाखवता येतात.

मग रेल्वेचा प्रकल्प अधिकारी, ठेकेदार आणि मत्स्यव्यवसाय विभागाचं जिल्हा कार्यालय, तिघांना एकच पत्र द्या. हॅचरी कुठे आहे, पाणी कुठून घेता, प्रजननाचा हंगाम कोणता (आपल्याकडे साधारण जून ते ऑगस्ट) आणि अडचण आल्यास फोन कुणाला करायचा, एवढं पुरे. प्रतीवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका.

४. पायलिंगच्या (पायासाठी जमिनीत खोल खांब बसवण्याच्या) आणि रोलरच्या हादऱ्याने अंडी मरतात का?

नेहमीच्या यंत्रांनी, ३० मीटरच्या पलीकडून, सहसा नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रान्झिट प्रशासनाचे संदर्भ आकडे अंतराच्या हिशोबाने बसवले तर ३० मीटरवर व्हायब्रो रोलरचा हादरा (जमीन हलण्याचा वेग) साधारण ०.७ मि.मी. प्रति सेकंद येतो, ठोकून बसवायच्या पाइलचा २ च्या आसपास आणि रोटरी रिगने खोदलेल्या पाइलचा ०.३. अंतर निम्मं, म्हणजे १५ मीटर केलं की हेच आकडे जवळपास तिप्पट होतात. जमीन खडकाळ की भरावाची, यावरही फरक पडतो, म्हणून शेवटचा शब्द टाकीच्या पायाशी लावलेल्या कंपनमापकाचा.

तुलनेसाठी, कॅनडाच्या मत्स्य विभागाने अंडी उबत असताना विणीच्या तळाशी १३ मि.मी. प्रति सेकंद ही मर्यादा सुचवली होती. ती थंड पाण्यातल्या, खडीत अंडी घालणाऱ्या माशांना धरून होती. आपली कार्पची अंडी पाण्याबरोबर फिरत असतात, त्यामुळे टाकीच्या भिंतीवर ५ मि.मी.ची मर्यादा धरली तर भरपूर सुरक्षित अंतर राहतं. अंडी सगळ्यात नाजूक असतात ती फलनानंतर साधारण पहिले सहा-सात तास. डोळे दिसू लागल्यावर ती बरीच कणखर होतात.

हादऱ्याने आधी तुटतात ते पाइपांचे जोड. जमिनीतली पीव्हीसी लाइन टाकीच्या भिंतीत सिमेंटने घट्ट बसवलेली असते, आणि तडा नेमका तिथेच जातो. तिथे अर्धा मीटर रबरी होज आणि दोन क्लॅम्प बसवा. खर्च किरकोळ आहे आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

५. जवळ डोंगर फोडणार आहेत. ब्लास्टिंगच्या वेळी काय करायचं?

इथे काळजी खरी. वरच्याच कॅनडाच्या मार्गदर्शक तत्त्वांत पाण्यातल्या दाबाची मर्यादा १०० किलोपास्कल आहे, ती माशांच्या हवेच्या पिशवीसाठी. आपल्याकडे खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं परिपत्रक घरांसाठी कंपनाची वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर ५, ८ ते २५ असेल तर १० आणि त्यावर १५ मि.मी. प्रति सेकंद अशी मर्यादा देतं. ठेकेदाराला हे परिपत्रक माहीत असतं, त्यामुळे बोलणी तिथून सुरू करा.

मागण्या तीन ठेवा: स्फोट टप्प्याटप्प्याने, म्हणजे डिले डिटोनेटर लावून आणि प्रत्येक टप्प्यात स्फोटाची दारू कमी वापरून, वेळ आदल्या दिवशी लेखी, आणि पहिल्या काही स्फोटांना तुमच्या टाकीपाशी मापन.

वेळेचं गणित तुमच्याही हातात आहे. संध्याकाळी सहाला प्रजनक माशांना (अंडी घालण्यासाठीचं) इंजेक्शन दिलं तर अंडी बहुधा मध्यरात्रीपासून पहाटे दोन-तीनपर्यंत पडतात आणि नाजूक तास सकाळी नऊ-दहापर्यंत सरतात. उघड्यावरचं ब्लास्टिंग दुपारी होत असेल तर तुमची बॅच तोवर निभावलेली असते. बोगद्याच्या आत मात्र रात्रीही स्फोट होतात, तिथे वेळ विचारूनच इंजेक्शन द्या. दारूचा अंश पाण्यात मिसळून होणाऱ्या त्रासासाठी प्रश्न ७ पाहा.

६. पहिल्या पावसात भरावाचा मुरूम वाहून येतो. हॅचरीत गढूळ पाणी कसं रोखायचं?

अडचण अशी की आपला हंगाम आणि हा चिखल एकाच महिन्यात येतात. एप्रिल-मेमध्ये टाकलेला भराव जूनपर्यंत नीट दबलेला नसतो, त्यावर गवत तर नसतंच.

गाळ अंड्यांना दोन बाजूंनी मारतो. अंड्यांना चिकटून त्यांना जड करतो, ती तळाला बसतात, एकमेकांवर साचतात आणि त्यांवर बुरशी धरते. दुसरं, उबवणी टाकीच्या आतल्या जाळीची छिद्रं बुजवतो. पाणी जाळीतून जायचं थांबतं, पातळी चढते आणि अंडी जाळीवरून बाहेर वाहून जातात. गढूळ पाणी चालवणं अगदीच भाग पडलं तर जाळीच्या अंडी नसलेल्या बाजूने मऊ ब्रश दर पंधरा मिनिटांनी फिरवा. अंड्यांच्या बाजूने घासलं तर अंडी फुटतात.

साइटवरची मागणी: भरावाच्या उतारावर काथ्याची जाळी, पायथ्याशी चर, चरात ठरावीक अंतरावर दगडाचे छोटे बांध, आणि चर नाल्याला मिळण्याआधी गाळखड्डा. हे मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत. पाऊस सुरू झाल्यावर तिथे ट्रॅक्टरही जात नाही. गाळखड्डा बांधणं सोपं, उपसणं कुणी करत नाही. एक तृतीयांश भरला की उपसायचा, हे पत्रात लिहून घ्या.

तुमच्या बाजूला निवळणी टाकी. तिचं गणित खोलीवर चालत नाही, पृष्ठभागावर चालतं. ०.०२ मि.मी.चा गाळाचा कण सेकंदाला साधारण ०.४ मि.मी. खाली बसतो. सेकंदाला ५ लिटर पाणी हवं असेल तर किमान साडेबारा चौरस मीटर लागतात. दुप्पट धरा, म्हणजे १० मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद टाकी. पाणी एका टोकाला आत घ्या आणि दुसऱ्या टोकाला वरून काढा. आता चिकणमातीचा ०.००२ मि.मी.चा कण घ्या: तो शंभरपट हळू बसतो, म्हणजे साडेबाराशे चौरस मीटर! एवढी जागा कुणाकडेच नसते. म्हणून टाकीनंतरही पाणी दुधट दिसत असेल तर टाकी मोठी करत बसू नका, तुरटीकडे वळा (प्रश्न ८). त्यानंतर रेतीगाळणी.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे इनटेक बंद करणं. पावसाच्या पहिल्या दोन-तीन तासांचं पाणी सगळ्यात घाण असतं, तेवढा वेळ साठवणीवर काढा. हॅचरीला सेकंदाला ३ लिटर लागत असतील तर तीन तासांना ३२,४०० लिटर. कसोटी साधी ठेवा: काचेच्या ग्लासात पाणी भरून मागे छापील कागद धरा. अक्षर वाचता येत नसेल तर ते पाणी उबवणीत जाणार नाही.

७. सिमेंटचं पाणी इतकं घातक का? थोडंच तर येतं.

ताज्या काँक्रीटच्या धुवणाचा सामू १२ ते १३ असतो. नाल्यात मिसळून तो ९ वर आला तरी काम बिघडतं, कारण सामू वाढला की पाण्यातला आधीचाच अमोनिया विषारी, म्हणजे मुक्त रूपात जातो. २८ अंशांना सामू ७ असताना एकूण अमोनियातला १ टक्क्याहून कमी भाग विषारी असतो, ८ ला सुमारे साडेसहा टक्के आणि ९ ला ४० टक्क्यांच्या वर. खाद्य तेच, मासे तेवढेच, पाणीही स्वच्छ दिसतंय आणि संगोपन तलावातली बीजं पृष्ठभागावर येऊन गटांगळ्या खातात.

हे येतं कुठून? ट्रान्झिट मिक्सरची चूट (काँक्रीट ओतायची पन्हळ) धुतलेलं पाणी, बोगद्यातल्या शॉटक्रीटचा (भिंतींवर फवारलेल्या काँक्रीटचा) सडा, पाइलच्या खड्ड्यातून उतू गेलेलं बेंटोनाइट (खड्डा ढासळू नये म्हणून भरलेला चिकणमातीचा घोळ). बेंटोनाइटचा सामू इतका चढा नसतो, पण ते कल्ल्यांवर थर धरतं. ब्लास्टिंगच्या दारूत अमोनियम नायट्रेट असतं, तेव्हा बोगद्याच्या उपशात अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही येऊ शकतात. शॉटक्रीटचा अल्क आणि दारूचा अमोनिया एकाच पंपातून बाहेर पडतो, ही जोडी सगळ्यात वाईट.

उपाय साइटवरच करायला हवा. मिक्सर धुण्यासाठी जाड प्लास्टिक घातलेला खड्डा, नाल्यापासून दूर, आणि मराठी-हिंदीत पाटी. कारण चूट धुतो तो ड्रायव्हर, करारनामा वाचणारा इंजिनिअर नव्हे. बोगद्याचं पाणी सामू तपासून, निवळून मगच सोडावं.

पाणी आलंच तर इनटेक बंद करा, साठवणीतलं पाणी चालू करा, हवा वाढवा, खाद्य थांबवा. आपल्या हाताने आम्ल ओतू नका. सामू एकदम खाली कोसळला तर जे वाचले असते तेही जातील.

८. तुरटी किती घालायची?

पाणी बघून, अंदाजाने नाही. १० ग्रॅम तुरटी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा, म्हणजे १ मि.लि.मध्ये १० मि.ग्रॅ. आली. पाच बरण्यांत एकेक लिटर गढूळ पाणी घेऊन त्यांत १, २, ३, ४, ५ मि.लि. घाला. मिनिटभर जोरात, मग दहा मिनिटं हळू ढवळा आणि अर्धा तास ठेवा. सगळ्यात कमी तुरटीत जी बरणी निवळली ती मात्रा.

लगेच त्या बरणीचा सामू मोजा. पावसाळी पाण्यात अल्कलिनिटी कमी असते आणि १ मि.ग्रॅ. तुरटी साधारण अर्धा मि.ग्रॅ. अल्कलिनिटी खाते. सामू साडेसहाच्या खाली गेला तर ॲल्युमिनियम माशांना बाधतं. अशा वेळी मात्रा कमी करा. तुरटी निवळणी टाकीतच घालायची, उबवणी टाकीत कधीही नाही.

९. ठेकेदार म्हणतो आमचं पाणी सरकारी मर्यादेत आहे. मग जिरे मेले कसे?

दोघंही खरं बोलत असू शकता. पर्यावरण (संरक्षण) नियम १९८६ च्या अनुसूची ६ मध्ये नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी तरंगता गाळ १०० मि.ग्रॅ. प्रति लिटर, सामू ५.५ ते ९ आणि मुक्त अमोनिया ५ मि.ग्रॅ. इतकी मुभा आहे. जिऱ्यांच्या पाण्यात मुक्त अमोनिया ०.०५ च्या खाली हवा. म्हणजे शंभरपट अंतर.

पण त्याच तक्त्यात एक ओळ आहे, ती फार कमी लोक वाचतात: जैवचाचणी. न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. ठेकेदाराचा अहवाल हातात आला की ही ओळ भरली आहे का ते आधी बघा.

१०. बोगद्याचं काम सुरू झालं आणि विहीर आटली. हा योगायोग असू शकतो का?

असू शकतो, म्हणून तर प्रश्न ३ मधली पातळीची नोंद लागते. आपला काळा पाषाण स्वतः पाणी धरत नाही, पाणी असतं त्याच्या फटींत. बोगदा अशी एखादी फट कापतो तेव्हा लांबची विहीरही उतरते आणि जवळची तशीच राहते. पाऊस नेहमीसारखा असूनही पातळी उतरली आणि त्याच काळात बोगद्याचा उपसा वाढला, तर मुद्दा बळकट होतो. उपशाची नोंद प्रकल्पाकडे असते, ती माहिती अधिकारात मागा.

बदली म्हणून टँकर आला तर आधी क्लोरीन तपासा. १ भाग क्लोरीनला ७ भाग हायपो (सोडियम थायोसल्फेट). १०,००० लिटरच्या टँकरमध्ये ०.५ मि.ग्रॅ. प्रति लिटर क्लोरीन असेल तर ३५ ग्रॅम. नव्या बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, ते पायऱ्यांवरून पाडून रात्रभर टाकीत ठेवल्याशिवाय वापरू नका.

११. खांब हलवायला म्हणून सारखी वीज बंद करतात.

शटडाउनची पूर्वसूचना लेखी मागा, पण तिच्यावर विसंबू नका. जेसीबीचा दात केबलला लागतो तेव्हा कुणी सूचना देत नाही. ओव्हरहेड टाकीतून उताराने किमान तीन तास पाणी चालेल अशी साठवण (हिशोब प्रश्न ६ मध्ये), ऑटो चेंजओव्हरचा जनरेटर आणि भरलेला एक ऑक्सिजन सिलिंडर, हे तिन्ही हवं. पॅकिंगसाठी सिलिंडर असतोच, एक कायम राखीव ठेवा.

१२. आमच्याकडे सायप्रिनस, शोभिवंत मासे किंवा कोळंबी आहे. काही वेगळं?

सायप्रिनसची अंडी काकाबानला (तंतूंच्या चटईला) किंवा नायलॉनच्या झुपक्यांना चिकटलेली असतात, प्रवाहाने धुतली जात नाहीत. गाळ त्यांच्यावर बसूनच राहतो, म्हणून इथे गाळाची शिस्त दुप्पट कडक. एंजलसारख्या माशांची जोडी अचानक आवाजाने किंवा माणसांच्या वर्दळीने बिथरली की स्वतःची अंडी खाते. कामाच्या बाजूच्या टाक्यांना थर्माकोलची बैठक आणि तीन बाजूंनी काळा कागद लावा, किंवा अंडी वेगळी काढून पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून उबवा. किनाऱ्यावरच्या कोळंबी हॅचरीला किनारी जलकृषी प्राधिकरणाची नोंदणी लागते. ती चालू नसेल तर भरपाईचा दावा लंगडा पडतो.

१३. पाण्यावर डिझेलचा तवंग दिसतो. एवढ्याशाने काय होणार?

जिरे पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतात आणि हवेची पिशवी भरतात. तवंग तिथेच आडवा येतो. इनटेकचं तोंड पृष्ठभागाच्या ३० ते ४० सें.मी. खाली ठेवा, समोर तरंगता अडसर बांधा. पाणी कमी असेल तर तोंड तळालाही टेकवू नका, गाळ ओढेल.

१४. भरावामुळे आमचा ओढा वळला, मोरी लहान बांधली. हरकत घेता येते का?

येते. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६ नुसार, लगतच्या जमिनीचं पाणी आधी जसं मोकळं येत-जात होतं तसं, शक्य तितकं, राहील इतक्या मोऱ्या आणि चर रेल्वेने स्वखर्चाने बांधायचे असतात, काम चालू असताना किंवा संपताच.

दोन खाचा आहेत. मोरी नको म्हणून तुम्ही आधीच मोबदला घेतला असेल तर ती मागता येत नाही. भूसंपादनाच्या कागदावर सही करताना ही ओळ शोधा. आणि गाड्या सुरू होऊन दहा वर्षं झाल्यावर रेल्वेवर ही जबाबदारी राहत नाही.

१५. रेल्वेला पर्यावरण मंजुरी लागत नाही म्हणतात. मग तक्रार कुठे करायची?

२००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत रेल्वेमार्ग नाहीत, हे खरं. पण मार्ग वनजमिनीतून किंवा सीआरझेडमधून (किनारपट्टी नियमन क्षेत्रातून) जात असेल तर सहसा त्याची परवानगी लागते, आणि तिच्या अटींत बऱ्याचदा नाल्यांचा उल्लेख असतो. बॅचिंग प्लांटला (काँक्रीट तयार करण्याच्या कारखान्याला) महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. १९७४ चा जल कायदा रेल्वेच्या ठेकेदारालाही लागू आहे. म्हणून पाण्याची तक्रार मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात, मोरीची रेल्वेकडे, आणि दोन्हींची प्रत मत्स्यव्यवसाय विभागाला.

१६. मासे मेले. पहिल्या तासात काय करायचं?

आधी प्रश्न ७ मधल्याप्रमाणे जिवंत वाचवा. दुसऱ्या माणसाने लगेच सामू, ऑक्सिजन, तापमान आणि अमोनिया जागेवर मोजावं. हे आकडे उद्यापर्यंत थांबत नाहीत. पाण्याचे नमुने तीन ठिकाणचे: साइटच्या वर, साइटच्या खाली, तुमची टाकी. तेलासाठी काचेची बाटली, बाकीला स्वच्छ प्लास्टिकची, सगळ्या बर्फात. कल्ल्यांच्या तपासणीसाठी तडफडणारे मासे घ्या. तासाभरापूर्वी मेलेल्यांचे कल्ले आपल्या उकाड्यात निरुपयोगी होतात. कल्ले १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये घाला, फ्रीजरमध्ये टाकू नका. रासायनिक तपासणीचे मासे वेगळे, बर्फात. तपासणीसाठी वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेकडे विचारणा करता येते.

पंचनामा त्याच दिवशी, महसूल आणि मत्स्यव्यवसाय या दोन्ही खात्यांच्या माणसांसमोर. मेलेले मासे मोजून, वजन करून, फोटो काढूनच पुरा.

१७. भरपाई कशी मागायची?

कायद्याने मिळालेले अधिकार वापरताना रेल्वेकडून नुकसान झालं तर कलम १५ प्रमाणे रेल्वेने रक्कम द्यायची असते. रकमेवर वाद झाला तर तो जिल्हा न्यायाधीशांकडे जातो. दूषित पाण्याने झालेल्या नुकसानीसाठी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो. काम थांबवण्यासारखा आदेश हवा असेल तर मुदत सहा महिने, म्हणून वाट पाहू नका.

रक्कम काढताना फक्त मेलेल्या जिऱ्यांचा भाव धरू नका. प्रजनक मासे गेले असतील तर ते तयार व्हायला लागणारी दोन-तीन वर्षं, रद्द झालेल्या मागण्या आणि टँकर-डिझेलचा खर्च पावत्यांसह जोडा.

१८. गाड्या सुरू झाल्यावरही हा त्रास राहणार का?

ठरावीक वेळच्या कंपनाला मासे सरावतात. लक्ष ठेवायचं ते दोन गोष्टींवर. रुळांकडेचं गवत मारायला तणनाशक फवारतात, त्याची तारीख विचारून त्या दिवशी आणि नंतरच्या पहिल्या पावसात इनटेक बंद ठेवा. आणि पायथ्याचा चर व मोरी दरवर्षी मे संपायच्या आत साफ झाली का, ते स्वतः जाऊन पाहा. तुंबलेली दिसली तर फोटोसह अर्ज त्याच आठवड्यात द्या.